भ्यायचे तर उष्णतेला भ्यावे

निखाऱ्यावर वांगे भाजताना रेडिएशनची धास्ती कोणाला वाटत नाही. तेच वांगे मायक्रोवेव्हमध्ये ठेवले की मात्र ‘लांब उभे राहा’, ‘लगेच दार उघडू नका’, ‘गरोदर बाईने जवळ जाऊ नये’ अशा सूचना सुरू होतात. वास्तविक निखाराही वांग्याला बऱ्याच अंशी रेडिएशननेच भाजतो. तापलेल्या कोळशातून अवरक्त किरण बाहेर पडतात, ते वांग्याच्या सालीत शोषले जातात आणि साल करपते. ओटीजीमधली लालभडक कॉइल, टोस्टरच्या तारा, तंदूरची तापलेली भिंत यांचेही काम असेच चालते. तेव्हा स्वयंपाकघरात रेडिएशन असावे की नसावे हा वादच निरर्थक आहे. चूल पेटली त्या दिवसापासून ते तिथे आहे. विचारायचे ते एवढेच, की हे रेडिएशन कोणत्या जातीचे, किती, आणि अन्नात शिरल्यावर ते नेमके काय करते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नीट तपासली तर एक निष्कर्ष निघतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये धोके आहेत, पण ते उष्णतेचे आणि विजेचे आहेत. लहरींच्या भीतीत आपण गुंतून पडतो आणि ज्या गोष्टींची खरोखर काळजी घ्यायला हवी त्या हातून निसटतात.

आधी जातीचा प्रश्न घेऊ. रेडिओ लहरी, मायक्रोवेव्ह, अवरक्त किरण, डोळ्यांना दिसणारा प्रकाश, अतिनील किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सगळी एकाच कुळातली, म्हणजे विद्युतचुंबकीय भावंडे आहेत. त्यांच्यातला फरक वारंवारतेचा आहे. ही ऊर्जा सुट्या पुड्यांच्या रूपात येते. तिच्या एका पुडीला फोटॉन म्हणतात आणि वारंवारता जितकी जास्त तितकी प्रत्येक पुडीतली ऊर्जा जास्त. घरगुती ओव्हनच्या लहरींची वारंवारता 2.45 गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 245 कोटी आवर्तने, आणि लांबी सुमारे 12 सेंटिमीटर असते. अशा एका फोटॉनमध्ये इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मापात जेमतेम 0.00001 एवढी ऊर्जा असते. आता समोरची बाजू पाहा. कार्बनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला सुमारे 3.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. पाण्याच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन उपटून काढायला, म्हणजेच त्याचे आयनीभवन करायला, साधारण 12.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. मायक्रोवेव्हचा फोटॉन त्या कामाला बारा लाख पटींनी अपुरा पडतो. खिडकीतून येणाऱ्या हिरव्या प्रकाशाचा फोटॉन त्याच्यापेक्षा दोन लाख पटींनी जास्त ताकदीचा असतो. सुमारे 730 अंश सेल्सिअसला धगधगणाऱ्या निखाऱ्यातून निघणारे अवरक्त फोटॉनदेखील त्याला चाळीस हजार पटींनी भारी पडतात. एवढेच कशाला, साध्या खोलीच्या तापमानाला रेणू एकमेकांवर आदळतात त्या धडकांमध्येही या फोटॉनच्या अडीच हजार पट ऊर्जा असते. कर्करोगाची भीती ज्या रेडिएशनबद्दल रास्त आहे ते क्ष-किरणांच्या आणि गॅमा किरणांच्या जातीचे असते. डीएनएचे धागे तोडण्याइतकी ताकद त्याच्या एकेका फोटॉनमध्ये असते. मायक्रोवेव्ह त्या पंगतीत बसतच नाही.

यावर एक चांगला आक्षेप येतो. एक फोटॉन दुबळा असेल, पण आठशे वॉटच्या ओव्हनमधून दर सेकंदाला अगणित फोटॉन बाहेर पडतात. त्या सगळ्यांनी मिळून तरी रेणू तुटणार नाही का? नारळाच्या झाडाखाली जमलेल्या हजार मुलांचे खडे कमरेच्या वर जात नसतील, तर दिवसभर खडे मारूनही एक नारळ खाली येत नाही. शेंड्यापर्यंत पोचणारा एकच दगड मात्र तो पाडू शकतो. रेणूंच्या जगातला हिशेब असाच आहे. रेणू तुटण्यासाठी लागणारी ऊर्जा एकाच फोटॉनने एकाच वेळी पुरवावी लागते, अनेकांची वर्गणी तिथे चालत नाही. कमी वारंवारतेचा प्रकाश कितीही प्रखर केला तरी धातूतून इलेक्ट्रॉन का सुटत नाहीत, या कोड्याचा उलगडा आइनस्टाइनने 1905 मध्ये याच तर्काने केला. मात्र वर्गणी अजिबात वाया जाते असेही नाही. फोटॉनची ऊर्जा रेणूंच्या हालचालीत जमा होत राहते, आणि रेणूंची वाढलेली हालचाल म्हणजेच उष्णता. म्हणून मायक्रोवेव्ह पदार्थाला जे काही करतो ते तापवण्यातून करतो. पुढे ज्या धोक्यांचा विचार करायचा आहे त्यांतले बहुतेक याच एका वाक्यातून निघतात.

अन्नावर सोडलेल्या रेडिएशनने अन्न किरणोत्सारी होते, ही आणखी एक समजूत. तिचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र 2002 मध्ये सुरू झाले. तिथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्याच्यावर कोबाल्ट-60 या किरणोत्सारी मूलद्रव्याचे गॅमा किरण सोडतात. अमेरिकेने 2007 मध्ये भारतीय आंब्याला दार उघडले ते आंब्यावर अशी विकिरण-प्रक्रिया करण्याच्या अटीवर, आणि त्या वर्षीचा हापूस लासलगावहूनच प्रक्रिया होऊन तिकडे गेला. कोबाल्टच्या गॅमा फोटॉनमध्ये सुमारे पावणेबारा ते सव्वातेरा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. मायक्रोवेव्हच्या फोटॉनपेक्षा हा आकडा साधारण बारा हजार कोटी पटींनी मोठा आहे. हे गॅमा किरण कांद्याच्या कोंबातल्या डीएनएला इजा करतात, म्हणून तर मोड थांबतात. तरीही तो कांदा किरणोत्सारी होत नाही, कारण पदार्थ किरणोत्सारी करायचा तर अणूच्या गाभ्यात ढवळाढवळ करावी लागते आणि तिथपर्यंत जाण्याची ताकद कोबाल्टच्या किरणांतही नाही. जे या गॅमा किरणांना जमत नाही ते ओव्हनमधल्या लहरींना जमेल हे संभवत नाही. शिवाय लहरी अन्नात ‘मुरून’ही राहत नाहीत. वीज बंद झाली की त्यांची निर्मिती थांबते आणि पेटीत उरलेल्या लहरी डोळ्याचे पाते लवायच्या आत शोषल्या जातात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसे.

या लहरींशी भारताची ओळख जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये काही मिलिमीटर लांबीच्या अशाच लहरी सोडून दूरवरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. पण अन्न शिजवण्याइतक्या ताकदीच्या लहरी निर्माण करणारे साधन दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत घडले. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी फेब्रुवारी 1940 मध्ये कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. शत्रूची विमाने शोधणाऱ्या रडारसाठी त्याचा जन्म झाला आणि त्याच वर्षी तो ब्रिटनमधून अमेरिकेत पोचला. तिथल्या रेथिऑन कंपनीतले अभियंते पर्सी स्पेन्सर यांना चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना खिशातली चॉकलेटची वडी वितळल्याचे जाणवले, अशी प्रसिद्ध कथा आहे. त्यांनी ऑक्टोबर 1945 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1947 मध्ये ‘रडारेंज’ नावाचा पहिला व्यापारी ओव्हन बाजारात आला. तो माणसाच्या उंचीचा आणि तीनशे किलोहून जड होता. ओट्यावर मावेल असा, 495 डॉलर किमतीचा ओव्हन यायला 1967 उजाडले. आजच्या ओव्हनमध्येही तोच मॅग्नेट्रॉन, आकाराने लहान होऊन, बसलेला आहे. घरातल्या विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरने काही हजार व्होल्टपर्यंत वाढवून त्याला दिला जातो. त्याच्या तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकाच्या प्रभावाने गोल फिरत तांब्याच्या पोकळ्यांसमोरून जातात, आणि त्यातून उठणाऱ्या लहरी धातूच्या नळीवाटे पेटीत सोडल्या जातात. यात युरेनियम नाही, कोबाल्ट नाही, किरणोत्सारी असे काहीच नाही.

पेटीत गेलेली लहर अन्नाला कशी तापवते? पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. लहरीचे विद्युतक्षेत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा पालटते, त्याच्याबरोबर वळण्याची धडपड हे रेणू करतात, शेजाऱ्यांवर आदळतात, आणि त्या रेटारेटीत लहरीची ऊर्जा उष्णतेत उतरते. अन्नातले मीठ आणि इतर क्षारांचे आयनही असेच मागेपुढे ओढले जाऊन उष्णतेत भर घालतात. 2.45 गिगाहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूची खास ‘अनुनादी’ वारंवारता आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. पाणी सर्वांत जोमाने शोषते ती वारंवारता याच्या सात-आठ पट वर आहे. मुद्दाम खालची वारंवारता वापरण्यात शहाणपण आहे, कारण पाण्याने लहर पृष्ठभागावरच गिळून टाकली असती तर आतला भाग कोराच राहिला असता. तरीही मायक्रोवेव्ह ‘आतून बाहेर’ शिजवतो ही समजूतही टिकत नाही. पदार्थानुसार लहर साधारण एक ते तीन सेंटिमीटर आत जाईपर्यंत क्षीण होते. त्यापलीकडचा भाग बाहेरून आत झिरपणाऱ्या उष्णतेनेच तापतो, जसा तो कुठल्याही पातेल्यात तापतो. बर्फात रेणू जागच्या जागी जखडलेले असल्याने तो या लहरी फारच कमी शोषतो. म्हणून गोठलेल्या पदार्थाचा एक कोपरा वितळला की सारी ऊर्जा तिकडे धावते आणि तो कोपरा उकळत असताना शेजारी बर्फ तसाच राहतो. डीफ्रॉस्टचे बटण दाबल्यावर ओव्हन थांबत थांबत चालतो तो उष्णतेला पसरायला सवड मिळावी म्हणून.

आता ‘किती’ हा प्रश्न. पेटीतल्या आठशे-हजार वॉटच्या लहरी थेट अंगावर आल्या तर भाजेल, यात शंका नाही. त्या आत कोंडून ठेवणे हेच या यंत्राच्या रचनेचे मुख्य काम आहे. धातूच्या भिंतींवरून लहरी परावर्तित होतात. दाराच्या काचेत जी छिद्रांची जाळी दिसते तिची छिद्रे एक-दोन मिलिमीटरची असतात. 12 सेंटिमीटर लांबीची लहर त्यांतून पार जात नाही, प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असल्याने आतला पदार्थ मात्र दिसतो. दार आणि चौकट यांच्यामध्ये बारीक फट राहतेच. तिच्याकडेने तरंगलांबीच्या पाव भागाएवढी, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटरची खाच कोरलेली असते. फटीत शिरलेली लहर या खाचेतून परतून स्वतःलाच छेद देते. याखेरीज दाराच्या कडीला किमान दोन स्वतंत्र सुरक्षा-स्विच जोडलेले असतात, आणि ते निकामी झाले तर ओव्हन चालूच होऊ न देणारी तिसरी व्यवस्था असते. अमेरिकेत 1971 पासून लागू असलेल्या नियमानुसार ओव्हनच्या पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटरवर मोजलेली गळती विक्रीआधी दर चौरस सेंटिमीटरला 1 मिलिवॉटपेक्षा आणि नंतर यंत्राच्या संपूर्ण आयुष्यात 5 मिलिवॉटपेक्षा जास्त असता कामा नये. आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादाही 5 मिलिवॉटचीच आहे. भर दुपारचे ऊन त्याच मापाने सुमारे 100 मिलिवॉट भरते. अंतर वाढले की गळतीचा जोर झपाट्याने ओसरतो. 5 सेंटिमीटरवर जेवढी मोजली त्याच्या शंभराव्या भागाएवढी ती अर्ध्या मीटरवर उरते.

ऊन त्वचेवरच थांबते, मायक्रोवेव्ह मात्र शरीरात खोल जातो, मग ही तुलना योग्य का, असे कोणी विचारेल. विचारणे बरोबर आहे. मायक्रोवेव्ह त्वचेखाली एक-दोन सेंटिमीटर पोचू शकतो. पण पोचून तो काय करतो? ऊबच देतो. आणि मर्यादेएवढी गळती गृहीत धरली तरी अर्ध्या मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येणारी ऊब, त्याचे शरीर विश्रांतीतही स्वतःहून जी ऐंशी-शंभर वॉट उष्णता सतत बाहेर टाकत असते, तिच्यापुढे नगण्य ठरते. गरोदर स्त्रीबाबतही हिशेब हाच राहतो. डोळ्याचे भिंग आणि पुरुषांचे वृषण या अवयवांकडे रक्तपुरवठा कमी असल्याने तिथली उष्णता लवकर वाहून जात नाही, आणि फार तीव्र मायक्रोवेव्हच्या माऱ्याने प्राण्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. ही इजाही उष्णतेचीच, आणि तिला लागणारी तीव्रता गळतीच्या मर्यादेच्या कितीतरी वर आहे. ओव्हन चालू असताना वाय-फाय अडखळते, हा गळतीचा पुरावाच नाही का, असाही प्रश्न येतो. होय, पुरावाच आहे. थोडी गळती होते हे कोणी नाकारत नाही. पण वाय-फायही 2.4 गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलते आणि आपल्या फोनला मिळणारा त्याचा संकेत एका वॉटच्या अब्जांश भागाएवढा क्षीण असू शकतो. त्याच्यात व्यत्यय आणायला फारशी ताकद लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स येथील 64 मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला 1998 पासून अधूनमधून काही गूढ संकेत मिळत होते. त्यांचा उगम 2015 मध्ये सापडला. वेधशाळेतलेच कोणीतरी वेळ संपायच्या आत मायक्रोवेव्हचे दार उघडत होते, आणि मॅग्नेट्रॉन बंद पडतानाच्या क्षणी एक बारीकसा झोत बाहेर निसटत होता. दूरच्या आकाशगंगांचे संकेत टिपणाऱ्या दुर्बिणीला तो जाणवला म्हणजे तो माणसाला अपायकारक होता असे नाही. तरी दार ओढण्याआधी थांबण्याचे बटण दाबण्याची सवय चांगलीच.

सर्वांत वजनदार वाटणारा आक्षेप जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा दाखला देतो. या संस्थेने 2011 मध्ये रेडिओ वारंवारतेच्या क्षेत्रांना ‘2बी’, म्हणजे ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकले, आणि मायक्रोवेव्ह लहरी त्या व्याख्येत बसतात. पण हा निर्णय मुख्यतः वर्षानुवर्षे मोबाइल कानाला लावून बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवर बेतलेला होता, आणि तो पुरावाही संस्थेने मर्यादितच मानला. गटांची ही यादी पुरावा किती पक्का आहे ते सांगते. धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच 2बी गटात आहे. त्याच संस्थेने घरातल्या लाकडाच्या चुलीचा धूर आणि कडकडीत तेलात तळताना निघणारा धूर हे दोन्ही ‘2ए’ या अधिक संशयाच्या गटात ठेवले आहेत, आणि घरात जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर तर सिद्ध झालेल्या कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात. म्हणजे ज्या यादीच्या आधारे मायक्रोवेव्हला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, तीच यादी आपल्या नेहमीच्या चुलीवर आणि कढईवर अधिक गंभीर बोट ठेवते.

अन्नातले सत्त्व नष्ट होते, हा आरोपही तपासायला हवा. ‘क’ जीवनसत्त्व आणि काही ‘ब’ जीवनसत्त्वे उष्णतेने घटतात आणि पाण्यात विरघळून निघून जातात. म्हणजे नुकसान तापमान, वेळ आणि पाणी या तीन गोष्टींवर ठरते. उष्णता गॅसची की लहरींची याने फरक पडत नाही. या वादात एक स्पॅनिश अभ्यास वारंवार पुढे केला जातो. 2003 मधल्या त्या प्रयोगात मायक्रोवेव्हमध्ये शिजवलेल्या ब्रोकोलीतली 97 टक्के फ्लेव्होनॉइड द्रव्ये गेल्याचे आढळले होते. आकडा खरा आहे, पण ती ब्रोकोली पाणी घालून शिजवली होती, आणि साध्या भांड्यात पाण्यात उकळलेल्या ब्रोकोलीचेही त्याच प्रयोगात 66 टक्के नुकसान झाले होते. वाफवलेलीचे नुकसान सर्वांत कमी भरले. यातून शिकायचे ते हे, की भाजी पाण्यात बुडवून शिजवू नये. चमचा-दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून, थोडा वेळ मायक्रोवेव्ह केली तर ती जवळपास वाफवल्यासारखीच शिजते. ओलसर अन्न सहसा 100 अंशांच्या वर जात नाही, म्हणून मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ खरपूस होत नाहीत ही तक्रार रास्त आहे. पण करपण्यातून तयार होणारी नको ती द्रव्येही त्यामुळेच कमी होतात.

मग सावध कशाबद्दल राहायचे? पहिला मान असमान उष्णतेला. धातूच्या पेटीत लहरी परतून एकमेकींवर पडतात, आणि काही जागी त्यांचा जोर वाढतो, काही जागी जवळजवळ शून्य होतो. अशा जागा साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर येतात. फिरती काचेची थाळी त्यासाठीच असते, तरी पदार्थात थंड कोपरे उरतातच, आणि थंड कोपऱ्यात जिवाणू जिवंत राहतात. अमेरिकेत 2007 मध्ये मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाण्याच्या गोठवलेल्या ‘पाय’ या सारण भरलेल्या पदार्थातून साल्मोनेला या जिवाणूची साथ पसरली आणि सुमारे चारशे जण आजारी पडले. लहरींनी त्यांना काही केले नव्हते. तो पदार्थ आतून पुरता तापला नव्हता. म्हणून अन्न मध्येच ढवळावे, झाकून गरम करावे, बाहेर काढल्यावर दोन मिनिटे तसेच ठेवून उष्णता आत पसरू द्यावी. उरलेले अन्न मध्यभागीही किमान 74 अंशांपर्यंत तापले पाहिजे. बाळाचे दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका असे डॉक्टर सांगतात तेही याचसाठी, कारण बाटली हाताला कोमट लागते आणि आत एखादा थर चटका देण्याइतका गरम असतो. भाताबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यात विष तयार करतात. ते विष उकळल्यानेही जात नाही. अशा भाताला मायक्रोवेव्ह वाचवू शकत नाही आणि गॅसही नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

दुसरा धोका अतितप्त पाण्याचा. गुळगुळीत, स्वच्छ कपात ठेवलेले साधे पाणी बुडबुडे न येता 100 अंशांच्या वर जाऊ शकते. मग चमचा किंवा चहाची पिशवी टाकताच ते एकदम उसळते आणि हात, चेहरा भाजतो. पाणी गरम करताना आधीच त्यात लाकडी चमचा ठेवावा आणि वेळ बेताची लावावी. कवचासह अंडे, न टोचलेला बटाटा, घट्ट झाकणाचा डबा यांच्यात वाफ कोंडून स्फोट होतो. धातूच्या टोकदार कडांवर विद्युतक्षेत्र एकवटते आणि ठिणग्या उडतात, म्हणून जरीकाठी कप-बश्या आणि फॉइल आत नको. तिसरी बाब प्लॅस्टिकची. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या 2023 मधल्या अभ्यासात असे दिसले, की लहान मुलांच्या अन्नाचे काही प्लॅस्टिक डबे तीन मिनिटे मायक्रोवेव्ह केल्यावर त्यांच्या दर चौरस सेंटिमीटरमधून लाखो सूक्ष्म आणि अब्जावधी अतिसूक्ष्म प्लॅस्टिककण सुटू शकतात. हे कण शरीरात किती अपाय करतात यावर संशोधन चालू आहे, पण काच आणि चिनी मातीची भांडी घरात असताना तो प्रयोग स्वतःवर करून घेण्याचे कारण नाही. आणि सर्वांत जीवघेणा भाग पेटीच्या मागे असतो. मॅग्नेट्रॉनला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या परिपथातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारित राहू शकतो. ओव्हन स्वतः उघडून दुरुस्त करण्याच्या हौसेने माणूस दगावू शकतो. हे काम जाणकार तंत्रज्ञाचेच.

लहरी कोंडून ठेवण्याची सगळी भिस्त दारावर आहे, तेव्हा दार वाकले असेल, बिजागरी सैल असेल, काच तडकली असेल किंवा कडेला अन्न चिकटून दार नीट बसत नसेल तर ओव्हन वापरू नये. रिकामा ओव्हन चालवू नये, कारण शोषायला काही नसले की लहरी परतून मॅग्नेट्रॉनलाच तापवतात. एवढे पाळले की लहरींची काळजी संपते. त्यापुढची सावधगिरी शिळ्या भातासाठी, थंड राहिलेल्या घासासाठी, प्लॅस्टिकच्या डब्यासाठी आणि उसळणाऱ्या पाण्यासाठी ठेवावी. ओव्हनपासून चार पावले लांब उभे राहण्यापेक्षा, अन्न बाहेर काढून ढवळणे आणि ते मधोमध गरम झाले आहे ना हे पाहणे घराच्या आरोग्यासाठी कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.